तांब्याचा बंब पुन्हा वापरात आणताना : जागा, धुराडे, लाकूड आणि जाळ

आपला प्रश्न थोडक्यात असा आहे. धायरीच्या बंगल्यात सहा माणसांचे कुटुंब राहते. छतावर सौर बंब आहे, पण पावसाळ्यात आणि ढगाळ दिवसांत त्याचा उपयोग होत नाही. म्हणून सदाशिव पेठेतला वाडा सोडताना बरोबर आणलेला, आजोबांच्या वेळचा ४० लिटरचा तांब्याचा बंब आपण मागच्या पडवीत मांडला. पडवीवर फायबरचा पत्रा असल्याने धूर आतच कोंडतो, भिंत काळी झाली आहे, शेजाऱ्यांची तक्रार आली आहे आणि रोज चार किलोंच्या आसपास लाकूड जाळूनही शेवटच्या माणसाला कोमट पाण्यावर भागवावे लागते. बंब न्हाणीघरात हलवावा का, धुराडे किती उंच असावे आणि लाकूड कमी कसे लागेल, असे आपण विचारले आहे. बंब आणि चुली बसवण्याचे व दुरुस्त करण्याचे काम मी गेली सत्तावीस वर्षे करीत आहे. त्या अनुभवावरून सांगतो की आपल्या बंबात बहुधा काही बिघाड नाही. चुकते आहे ते लाकडात, जाळ लावण्याच्या पद्धतीत आणि धुराड्यात, आणि या तिन्ही गोष्टी थोड्या खर्चात सुधारता येतात.

सर्वांत आधी न्हाणीघराचे. बंब न्हाणीघरात हलवू नये. तात्पुरता नाही, थंडीत नाही आणि खिडकी उघडी ठेवूनही नाही. लाकूड जळताना आणि त्याहून अधिक निखारे धुमसताना कार्बन मोनॉक्साइड वायू निर्माण होतो. त्याला वास नाही, रंग नाही आणि त्याने डोळेही चुरचुरत नाहीत. धूर दिसेनासा झाला, आता फक्त लाल निखारे उरले आहेत, अशा वेळी माणूस निर्धास्त होतो आणि धोका मात्र तेव्हाच जास्त असतो. डोके जड होणे, मळमळणे आणि पायांतले बळ जाणे ही लक्षणे कळेपर्यंत बंद दार उघडण्याइतकी शक्ती उरत नाही. जुन्या वाड्यांत बंब न्हाणीजवळ असे हे खरे, पण ती न्हाणी बहुधा चौकाला लागून, वरून मोकळी किंवा कौलांच्या फटींतून वारा खेळता राहील अशी असे. आजचे टाइल लावलेले, सरकत्या काचेचे न्हाणीघर म्हणजे बंद डबा आहे. म्हणून बंब पडवीतच ठेवावा आणि पडवीच्या निदान दोन बाजू पूर्ण मोकळ्या असाव्यात.

आता लाकूड जास्त का लागते ते पाहू. त्यासाठी आधी किती लागायला हवे ते काढले पाहिजे. एक लिटर पाणी एक अंशाने तापवायला एक किलोकॅलरी उष्णता लागते. थंडीत टाकीतले पाणी २० अंशांच्या आसपास असते असे धरले आणि अंघोळीला ४२ अंशांचे १८ लिटर पाणी धरले, तर एका माणसाला सुमारे ४०० आणि सहा जणांना २,४०० किलोकॅलरी लागतात. उन्हात नीट वाळलेल्या एक किलो लाकडातून ढोबळमानाने ३,६०० किलोकॅलरी मिळतात. त्यातली निम्मीच पाण्यात उतरली आणि बाकीची धुराड्यातून व तळातून गेली असे धरले, तरी सव्वा ते दीड किलो लाकडात सहा जणांच्या अंघोळी व्हायला हव्यात. आपण चार किलो जाळता. मधले अडीच किलो कुठे जातात, हा खरा प्रश्न आहे.

त्यातला मोठा वाटा ओल्या लाकडाचा आहे. नुकत्या तोडलेल्या फांदीच्या वजनात निम्म्याच्या आसपास पाणी असते आणि बाहेरून सुकी दिसणारी, अंगणात चार-सहा आठवडे पडलेली फांदीसुद्धा आतून बरीच ओली असते. आपल्या चार किलोंपैकी दीड किलो जरी पाणी असेल, तरी प्रत्येक किलो पाण्याला तापवून वाफ करायला सहाशेच्या वर किलोकॅलरी लागतात, म्हणजे नऊशेहून अधिक किलोकॅलरी केवळ लाकूड वाळवण्यात गेल्या. तेवढ्यात दोघांच्या अंघोळी झाल्या असत्या. नुकसान इथेच थांबत नाही. त्या वाफेने जाळ थंड होतो आणि थंड जाळात लाकूड पुरते जळत नाही. मागच्या पावसाळ्यात मुळशीकडच्या एका घरी मी गेलो होतो. तिथे मनगटाएवढी जाड गुलमोहराची फांदी बंबात उभी घातलेली होती आणि तिच्या वरच्या टोकातून पिवळसर पाण्याचे बुडबुडे फसफसत बाहेर येत होते. घरधनी म्हणाले, लाकूड तर वर्षभर शेडमध्ये आहे. मी त्याच राशीतली दुसरी फांदी कोयत्याने उभी फोडली आणि आतला भाग त्यांच्या गालाला लावला. तो ओल्या फडक्यासारखा गार लागला. हीच परीक्षा आपणही करावी. फोडल्यावर आतला गाभा गालाला गार लागला तर लाकूड ओले; दोन ढलप्या एकमेकींवर आपटल्यावर टणत्कार उमटला तर वाळलेले, बद्द आवाज आला तर ओले.

लाकूड सालीसकट अखंड ठेवले तर वर्ष गेले तरी वाळत नाही, कारण ओल सालीतून फारशी बाहेर पडत नाही. ती फोडलेल्या बाजूंनी पडते. जुन्या लोकांनी बंबासाठी खास ‘बंबफोड’ विकत घेण्याची चाल ठेवली होती ती उगाच नव्हे. अंगठ्याएवढी ते दोन बोटे जाड आणि वीतभर लांब अशा ढलप्या केल्या की लाकूड लवकर वाळते, हवेला पृष्ठभाग जास्त मिळतो आणि जाळ चटकन धरतो. दिवाळीनंतर लाकूड फोडून, जमिनीपासून विटांवर उचलून, वर पत्रा आणि बाजू मोकळ्या ठेवून रचावे. मार्च ते मे या तीन महिन्यांचे पुण्याचे कोरडे ऊन लागले की ते जूनमध्ये वापरायला तयार असते. प्लास्टिकच्या कागदाने चहूबाजूंनी गुंडाळलेली रास मात्र आतल्या आत घामेजते. बाभूळ आणि सुबाभूळ उत्तम; जाळ टिकतो आणि निखारा चांगला पडतो. आंबा चालतो. नारळाच्या करवंट्या पेटवणासाठी फार चांगल्या. घराच्या आवारातले झाड तोडून लाकूड काढण्याचा विचार असेल, तर शहरी भागात १९७५ च्या वृक्ष संरक्षण कायद्याखाली त्याला परवानगी लागते हे ध्यानात ठेवावे. वखारीतून फोडून घेतलेले लाकूड आणि छाटणीच्या फांद्या यांवर एका कुटुंबाचा बंब आरामात चालतो.

काय जाळू नये हेही सांगतो. रंग दिलेल्या फळ्या, प्लायवूड, एमडीएफचे तुकडे, दुधाच्या पिशव्या आणि थर्माकोल यांना बंबात जागा नाही. प्लायमधला गोंद आणि जुन्या रंगातले शिसे धुरातून आपल्याच पडवीत उतरते. बिब्ब्याचे लाकूड तर हातही न लावता दूर ठेवावे. त्याच्या धुराने अंगावर सूज आणि फोड येतात. कण्हेरही जाळू नये, कारण ते झाडच विषारी आहे.

आता बंबाच्या रचनेकडे येतो, कारण ती समजली की जाळ कसा लावायचा ते आपोआप कळते. बंबाच्या मधोमध उभी नळी असते, तळाशी जाळी, जाळीखाली राखेची जागा, आणि नळीभोवती पाणी. जाळाच्या चहूबाजूंनी पाणी असल्याने उष्णता पाण्याला चांगली मिळते; तांबे उष्णता वाहून नेण्यात स्टेनलेस स्टीलच्या वीसपटींहून सरस आहे, म्हणून आपला जुना बंब मोडीत काढून स्टीलचा घेण्याचा सल्ला मी देणार नाही. परंतु याच रचनेत एक अडचणही आहे. लाकडाच्या वजनाचा सुमारे तीनचतुर्थांश भाग तापल्यावर वायुरूपाने बाहेर पडतो आणि तो वायू पुरता जळायला सहाशे अंशांच्या वर उष्णता व पुरेशी हवा लागते. सकाळी नळीची भिंत वीस अंशांवर असते. तिला टेकलेली ज्वाळा विझते आणि न जळलेला वायू धूर होऊन निघून जातो, किंवा नळीवर काळे चिकट डांबर होऊन बसतो. शेजाऱ्यांच्या गच्चीत जातो तो धूर म्हणजे आपण पैसे देऊन आणलेले आणि न जळलेले लाकूडच असते. पुण्यात थंडीच्या पहाटे वारा पडलेला असतो आणि गार हवा टेकड्यांमधल्या सखल भागात थरासारखी बसून राहते, त्यामुळे तो धूर वर जात नाही. शेजाऱ्यांची तक्रार रास्त आहे.

म्हणून जाळ लहान, पण कडक हवा. बहुतेक घरांत उलट करतात. तळाशी कागद आणि रॉकेल, त्यावर नळी गच्च भरेपर्यंत लाकूड, आणि खालून काडी. खालचा जाळ वरच्या सगळ्या थंड लाकडाला एकदम तापवतो, सगळे लाकूड एकाच वेळी वायू सोडू लागते आणि तेवढा वायू जाळायला हवाही नसते, उष्णताही नसते. त्याऐवजी असे करावे. नळीचा खालचा तिसरा हिस्सा कोरड्या बंबफोडीने भरावा, ढलप्या उभ्या आणि थोड्या सैल, मधून हवा जाईल अशा. त्यावर करवंटीचे तीन-चार तुकडे आणि काड्यांची मूठ ठेवून जाळ वरून लावावा. जाळ हळूहळू खाली उतरतो, खालच्या लाकडातून निघणारा वायू वरच्या ज्वाळेतून जातो आणि तिथेच जळतो. पहिली दोन-तीन मिनिटे थोडा धूर दिसेल, नंतर धुराड्याच्या तोंडाशी हवा नुसती थरथरताना दिसली पाहिजे. भर निखाऱ्यावर आली की त्यानंतर एका वेळी दोन किंवा तीन ढलप्या, आधीच्या पेटल्यावरच टाकाव्यात. हे काम दहा-पंधरा मिनिटे लक्ष मागते, हे मान्य आहे. पण सकाळी चार मोठी लाकडे कोंबून निघून जाण्याची सोय हवी असेल तर धुराची आणि लाकडाची बचत होणार नाही. जाळीखालची राख रोज काढावी. जाळीची भोके राखेने बुजली की जाळाला खालून हवा मिळत नाही आणि मग माणसे फुंकणीने फुंकत बसतात.

लोणी काळभोर भागातल्या एका कुटुंबाने मला विचारले होते की लाकडाऐवजी कोळशाच्या कांड्या वापरल्या तर धूर जाईल का. पुण्याच्या आरती (ARTI) या ग्रामीण तंत्रज्ञानावर काम करणाऱ्या संस्थेला उसाच्या पाचटापासून कोळसा करण्याच्या तंत्राबद्दल २००२ साली अ‍ॅशडेन पुरस्कार मिळाला, आणि असा कोळसा खरोखरच जवळपास बिनधुराचा जळतो. मोकळ्या पडवीत तो जरूर वापरावा. फक्त बिनधुराचा म्हणजे बिनधोक नव्हे. कार्बन मोनॉक्साइड कोळशातून लाकडापेक्षा अधिक निघतो, हे न्हाणीघराबद्दल वर सांगितलेल्याच कारणासाठी पुन्हा सांगतो.

धुराड्याबद्दल आपण उंची विचारली आहे. जाळीपासून धुराड्याच्या टोकापर्यंत निदान तीन मीटर उंची असावी. त्याहून कमी असेल तर जाळ ओढला जात नाही. धुराडे पत्र्यातून जिथे बाहेर पडते तिथून ते किमान ९० सेंटीमीटर वर गेले पाहिजे, आणि तीन मीटरच्या परिघात जे काही उंच असेल, मग तो बंगल्याचा कठडा असो की पाण्याची टाकी, त्याच्यापेक्षा ६० सेंटीमीटर उंच हवे. तसे नसेल तर वारा कठड्यावरून आदळून धूर उलटा पडवीत लोटतो. आपल्याकडे बहुधा हेच होत असावे. नळीच्या तोंडापेक्षा पाइप अरुंद नसावा. काटकोनातले वळण देऊ नये. वळणे द्यावीच लागली तर ४५ अंशांची दोन, त्याहून अधिक नाहीत. पाइप काळ्या पत्र्याचा किंवा स्टीलचा घ्यावा. जस्ताचा मुलामा दिलेला पत्रा जाळाजवळच्या पहिल्या मीटरभरात नको, कारण जस्त ४१९ अंशांना वितळते. सिमेंटचे जुने अ‍ॅस्बेस्टॉस पाइप काही ठिकाणी अजून धुराडे म्हणून लावतात. ते तापल्यावर तडकून उडू शकतात आणि त्यांचे तंतू फुप्फुसांना घातक आहेत.

फायबरच्या पत्र्याची मला सर्वांत जास्त काळजी वाटते. एकेरी पाइप आणि कोणतीही जळणारी वस्तू यांच्यात ४५ सेंटीमीटर अंतर हवे. आपला पत्रा त्या जागी तेवढा कापून तिथे लोखंडी पत्र्याची चौकट बसवावी, मधून पाइप न्यावा आणि वर पावसाची टोपी घालावी. टोपी पाइपच्या तोंडाला टेकलेली नसावी; मधे पाइपच्या व्यासाइतके अंतर ठेवावे. धुराड्यात झडप बसवली तर जाळ कडक झाल्यावर ओढ थोडी कमी करून उष्णता राखता येते, पण झडपेला मोठे भोक पाडून घ्यावे, म्हणजे ती चुकून पूर्ण बंद झाली तरी निखाऱ्यांचा वायू वर जात राहील.

बंबाखाली टाइल असेल तर ती तडकेल. विटांचा एक थर रचून त्यावर लोखंडी ताट ठेवावे आणि त्यावर बंबाचे पाय टेकवावेत. निखारे ताटाबाहेर पडणार नाहीत इतके ताट मोठे असावे.

पाण्याच्या बाजूचे दोन नियम मात्र अजिबात मोडू नयेत. पहिला, बंबात पाणी भरल्याशिवाय जाळ लावू नये आणि जाळ असताना नळी उघडी पडेल इतके पाणी काढू नये. बंबाचे सांधे डाख देऊन, म्हणजे लवकर वितळणारा धातू ओतून, जोडलेले असतात. नळीभोवती पाणी असते तोवर ते शंभर अंशांच्या आसपास राहतात, पाणी संपले की काही मिनिटांत डाख वितळतो. ज्या बंबांची तोटी तळाशी असते त्यांत ही चूक पटकन होते. म्हणून एक बादली गरम पाणी काढले की लगेच तेवढे गार पाणी नरसाळ्यातून ओतावे. दुसरा नियम अधिक गंभीर आहे. बंबाला हवाबंद करू नये. काही प्लंबर बंब थेट टाकीच्या पाइपला जोडून झाकण पक्के बसवतात. पाण्याची वाफ झाली की ती सोळाशेपट जागा मागते, आणि जायला वाट नसेल तर बंब फुटतो. टाकीशी जोडणी करायचीच असेल तर बंबाच्या माथ्यावरून एक उघडा पाइप टाकीतल्या पाण्याच्या पातळीहून उंच न्यावा आणि त्या पाइपवर कसलाही कॉक बसवू नये. माझे मत विचाराल तर घरगुती बंबाला बादलीने भरणेच बरे. गरम पाण्याच्या वाटेवर साधा पीव्हीसी पाइप नको, तो मऊ पडतो. आणि तांबे थेट जीआय (जस्ताचा मुलामा दिलेल्या लोखंडी) पाइपला जोडू नये, मधे पितळी निपल घालावे, नाही तर जोडाजवळ लोखंड भराभर गंजते.

पाणी उकळेपर्यंत तापवण्याची गरज नसते. साठ अंशांपर्यंत तापले की काढायला सुरुवात करावी आणि गार पाणी भरत राहावे. पाणी जितके जास्त तापलेले तितकी बंबाच्या अंगावरून उष्णता जास्त जाते. साठ अंशांचे पाणीही काही सेकंदांत पोळते, तेव्हा घरात लहान मुले असतील तर बादलीत आधी गार आणि मग गरम पाणी घालण्याची सवय ठेवावी. बंबातले पाणी पिण्यासाठी किंवा स्वयंपाकासाठी घेऊ नये, कारण जुन्या डाखात शिसे असण्याचा संभव असतो.

देखभाल फारशी नाही. पंधरा दिवसांनी, बंब पूर्ण गार असताना, नळीच्या आतून ब्रश फिरवून काजळी काढावी. काजळीचा पातळ थरसुद्धा उष्णता अडवतो. बाहेरून चिंच आणि मीठ चोळून तो उजळावा, ते चांगलेच, पण त्याने पाणी लवकर तापत नाही. काढलेली राख झाकणाच्या लोखंडी बादलीत ठेवावी, तिच्यात दडलेला निखारा दुसऱ्या दिवशीही जिवंत निघतो. सांध्यावर हिरवट डाग दिसला तर तिथे पाणी झिरपते आहे असे समजून बंब कसब्यातल्या तांबट आळीत न्यावा. मठारकाम, म्हणजे तांब्याला ठोके देऊन घडवण्याचे काम, करणारे कारागीर तिथे आजही आहेत आणि जुना सांधा पुन्हा डाख देऊन ते बंब पुष्कळ वर्षे चालेल असा करतात. घरी एमसील लावून भागवू नये. जाळाच्या बाजूला ते टिकत नाही.

हे सगळे केल्यावर आठ दिवस रोज टाकलेले लाकूड स्वयंपाकघरातल्या काट्यावर तोलून वहीत लिहावे. कोरडी बंबफोड, वरून लावलेला जाळ आणि उंच धुराडे एवढे जमल्यावर आकडा दोन किलोंच्या खाली यायला हवा. आला नाही, तर पाण्याच्या बाजूने नळीवर क्षारांची खपली असण्याची शक्यता मोठी आहे, विशेषतः आपण बोअरचे पाणी वापरत असाल तर. दर लिटर कोमट पाण्यात ५० ग्रॅम सायट्रिक अ‍ॅसिड घालून ते बंबात भरावे, जाळ न लावता चार तास ठेवावे, तळाच्या तोटीतून काढून दोनदा स्वच्छ पाण्याने धुवावे. टॉयलेट धुण्याचे तीव्र आम्ल वापरू नये, त्याने डाख खाल्ला जातो. खपली जाड असेल तर हेच आठवड्याने पुन्हा करावे आणि मग पुन्हा लाकूड तोलावे.